सूल्वान ताईंचा उभा नवस

गांगवेईत एके काळी अशी कुजबूज होती, की कचऱ्याच्या गाडीवरची खो सूल्वान दर्यादेवी मात्सू आईला नवस बोलली आहे. वसंतात आईची पालखी गावोगाव फिरून परत येईल आणि आई देवळात आपल्या गादीवर बसेल, तोवर सूल्वान कुठंही बूड टेकणार नाही. खुर्चीवर नाही, स्टुलावर नाही, स्कूटरवरसुद्धा नाही.

ही कुजबूज निघाली चू मावशीच्या सुपारीच्या टपरीतून. गांगवेईतली प्रत्येक कुजबूज तिथूनच निघते. दुसरीकडून निघाली तर मावशीला तो स्वतःचा अपमान वाटतो. ओली सुपारी चिरायची, चुना लावायचा, पानात गुंडाळायची, आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. "मी कुणाला सांगत नाही बाई," असं ती ज्याला सांगेल, त्यानं समजावं की आपला नंबर विसावा तरी आहे.

पण या वेळी मावशीचाही तसा दोष नव्हता. सूल्वानच अशी वागत होती की कुणालाही तेच वाटावं.

सूल्वान म्हणजे बुटकी, रुंद खांद्याची, पन्नाशी ओलांडलेली बाई. हसली की डोळे गायब. नवरा गेलेला, मुलगी तायपेईत नोकरीला. गेली वीसेक वर्षं ती कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर उभी. संध्याकाळी गाडीच्या कर्ण्यातून पियानोची ठरलेली धून ऐकू आली, की गल्लीतली झाडून सारी माणसं हातात पिशव्या घेऊन बाहेर येतात. गाडी येईपर्यंत पाच मिनिटं उभं राहायचं, आणि पाच मिनिटांत गावाचं अख्खं राजकारण उरकायचं. पिशवी ज्याची त्यानं टाकायची. सूल्वाननं एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं दोन बादल्या पुढं करायच्या. शिजलेलं उष्टं एकीत, ते डुकरांना. कच्ची सालं-देठं दुसरीत, ती खताला.

कुणाच्या घरी सून रुसलीय, कुणाच्या पोराला पुन्हा दारूची चटक लागलीय, कुणी डायटवर आहे आणि कुणी नुसतं तसं सांगतंय, हे सगळं सूल्वानला बादलीवरून कळायचं. पण ती कधी कुणाचं बोलायची नाही. चू मावशीला याचाच राग होता. "एवढा माल बाईच्या हातात, आणि एक दाणा विकत नाही!"

आणखी एक. गल्लीच्या टोकाला शिये आजी राहायच्या. त्यांचे गुडघे गेलेले. त्या दारातून निघून गाडीपाशी पोचेपर्यंत दुसरी कुठलीही गाडी दोन गावं करून आली असती. सूल्वान गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायची. मग ड्रायव्हर लियाओ दादा उगाच आरसा पुसायला लागायचे. आजी पोचल्या की पुन्हा एक थाप, आणि आरसा स्वच्छ व्हायचा. हे वर्षानुवर्षं चाललेलं. कुणी काही बोलत नव्हतं, कारण पुढं थांबलेल्या प्रत्येकाच्या घरीही कुणी ना कुणी गुडघे गेलेलं होतंच.

त्या शरदात, चंद्रोत्सवाची पपनसं संपता संपता, सूल्वान रजेवर गेली. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "ऑपरेशन आहे."

कशाचं, ते सांगेना. मग गावानंच तिच्या पोटातला एकेक अवयव काढून बघितला. चू मावशीनं गर्भाशय धरलं, टोफूवाल्यानं यकृत, न्हाव्यानं सरळ मेंदू. कुणी म्हणालं जपानला जाऊन नाक नीट करून घेतेय. शिये आजींच्या कानावर तर ती गेल्याचीच बातमी आली होती.

सूल्वान का सांगत नव्हती, ते मात्र गांगवेईतला माणूस असेल तर ओळखेल. इथं एकदा माणसाचा आजार कळला, की तोच त्याचा आडनावासकट पत्ता होतो. याच गाडीवर पूर्वी चांग नावाचा एक माणूस होता. एकदा लग्नाच्या पंगतीत शिळे शिंपले खाऊन त्याचं पोट बिघडलं, तेही फक्त एक दिवस. तीस वर्षं झाली, अजून त्याला 'पातळ चांग' म्हणतात. त्याच्या नातवाला शाळेत 'पातळांचा' म्हणतात. चांग मेला तरी थडग्यावर तेच कोरतील, अशी चिन्हं आहेत.

रजा संपवून सूल्वान सफाई खात्याच्या चौकीवर परत आली तेव्हा हातात अननसाच्या वड्यांचा खोका होता, आणि चाल जरा जपून होती. चौकीत सगळ्यांनी तिच्यासाठी डुकराच्या पायाच्या शेवया शिजवल्या होत्या. आजारातून उठलेल्या माणसानं त्या खाल्ल्या की उरलीसुरली पीडा टळते. टेबलाच्या मधोमध तिची खुर्ची, तिच्यावर लाल उशी.

"या सूल्वान ताई! बसा, बसा!" डिंग मुकादम म्हणाले. डिंग मुकादम म्हणजे मोठा चांगला माणूस. एकदा एखाद्याचं भलं करायचं त्यांनी मनात घेतलं, की त्या माणसाची सुटका नसे.

"बसते की. आधी सगळ्यांना भेटते."

भेटून झालं. शेवया वाढून झाल्या.

"आता तरी बसा."

"उभ्यानं जास्त जातं," सूल्वान म्हणाली, आणि वाडगा हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. शेवया संपवल्या. डुकराचा पाय मात्र लियाओ दादांच्या वाडग्यात सरकवला.

"पाय नको?" लियाओ दादा.

"डॉक्टर म्हणाले, जड खाऊ नका. रताळ्याची पानं खा, पपई खा."

लियाओ दादांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. मग ते आपल्या गोल रबरी गादीवर थोडे सरकून बसले. ही मधे भोक असलेली गादी ते गाडीतही नेत, चौकीतही आणत. विचारलं की सांगत, पाठीसाठी आहे.

"बरं, कामाचं," मुकादम म्हणाले. "नियम असा आहे ताई, की ऑपरेशन झालेलं माणूस लगेच गाडीवर चढवायचं नाही. तुम्ही टेलिफोनवर बसा. लोकांच्या तक्रारी घ्या. आरामात."

सूल्वानच्या हातातला वाडगा खाली येता येता थांबला. "आणि माझी फळी?"

"फांग आहे ना."

फांग टेबलाच्या टोकाला बसून शेवया ओढत होता. अंगानं धडधाकट, घड्याळाचा गुलाम. "ताई, मला तर ती गल्ली आवडायला लागलीय," तो तोंडातल्या शेवयांसकट म्हणाला. "माणसं कशी शिस्तीत. मी गेलो की तीन मिनिटांत सगळं साफ."

"आणि शिये आजी?"

"ती म्हातारी? ती काही येत नाही हल्ली."

"येते रे. तू गेल्यावर येते."

मुकादमांनी घसा साफ केला. "महिनाअखेरीला पुढच्या वर्षाच्या गाड्या लागतात. तोवर तुम्ही ठणठणीत दिसलात तर तुमची फळी तुमची. नाही तर फांगला कायमची देऊन टाकू. तुम्हाला टेलिफोन. वयही झालंय आता, नाही का?"

वय झालंय हे वाक्य सूल्वाननं ऐकलं नाही असं दाखवलं. पण शेवयांचं उरलेलं पाणी तिनं एका घोटात संपवलं, आणि ते चांगलंच गरम होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी घरून एक खुर्ची आणली. निळी, गुबगुबीत, आत मोटार बसवलेली. बटण दाबलं की सगळी थरथरायची.

"माझ्या बायकोची आहे. कंबरेपासून खाली सगळं घुसळून काढते. बसून तर बघा!"

सूल्वाननं त्या खुर्चीकडं असं पाहिलं, जसं बोकडानं खाटकाकडं पाहावं. "नंतर बसते मुकादम. आत्ता फोन वाजतोय."

ती फोनपाशी उभी राहिली ती उभीच राहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कुणी बाहेरून आलं की ती पटकन काहीतरी उचलायला वळायची. खुर्ची तिच्या शेजारी रिकामी, मधूनच कुणीतरी बटण दाबायचं आणि ती एकटीच थरथरत बसायची.

एकदा फोन आला शिये आजींचा.

"हॅलो, कचरेवाले का? तो नवा मुलगा थांबत नाही."

"आजी, मी सूल्वान बोलतेय."

"सूल्वान? तू मेलीस म्हणून ऐकलं होतं."

"नाही मेले आजी."

"बरं झालं. मग येतेस कधी गाडीवर? माझ्याकडं चार दिवसांचं उष्टं साठलंय. मांजरं सगळी मला नावानं हाक मारायला लागलीत."

"येते आजी," सूल्वान म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ खिडकीतून आवारात उभ्या असलेल्या गाडीकडं बघत राहिली. मागची फळी धुऊन ठेवलेली होती. दांड्यावर तिच्या हाताच्या जागी रंग उडालेला होता, आणि त्या जागी आता फांगचे मोजे वाळत घातलेले होते.

आठवडा संपताना मुकादमांनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा पडलेला. "खुर्ची आवडली नाही का ताई?"

"खुर्ची फार छान आहे."

"मग बसत का नाही? माझी बायको रोज विचारते. काय सांगू तिला?" मग आवाज जरा कडक करून, "हे बघा, जे माणूस आठवडाभर बसू शकत नाही, ते अजून बरं झालेलं नाही, असं मी समजतो. सोमवारी तुम्ही त्या खुर्चीवर बसलेल्या दिसलात तर ठीक. नाही तर घरी जा, झोपा, नवीन वर्षानंतर बघू."

नवीन वर्षानंतर म्हणजे फळी गेलीच.

चौकीतून बाहेर पडताना लियाओ दादा फाटकापाशी भेटले. इकडंतिकडं बघून त्यांनी तिच्या हातात एक कागदी पिशवी ठेवली. आत मलमाची ट्यूब होती.

"रोज कोमट पाण्यात बसायचं, ताई. सकाळ-संध्याकाळ."

"कशाबद्दल बोलताय तुम्ही?"

"पाठीबद्दल."

"हां. पाठीबद्दल."

"तीस वर्षं गाडी चालवतोय," लियाओ दादा म्हणाले. "पाठ काय असते, मला माहीत आहे."

दोघंही गंभीर तोंडानं दोन दिशांना गेले.

घरी जाताना वाटेत चू मावशीची टपरी चुकवता येत नाही. मावशीनं लांबूनच स्टूल पुढं ओढलं होतं.

"बस गं, दमली असशील."

"नको मावशी."

"भाजलेलं सॉसेज खा एक. गरम आहे."

"नको."

मावशीचा अडकित्ता थांबला. "बसत नाहीस. मांसाला शिवत नाहीस. त्या शेवयांतला पायसुद्धा टाकलास म्हणे. कधीपासून चाललंय हे?"

"ऑपरेशन झाल्यापासून."

मावशीनं आवाज खाली आणला. "नवस?"

आता इथं सूल्वाननं नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग काय?' हा ठरलेला. ती जरा घुटमळली, कान लाल झाले, नजर वळवली. नेमकी ती नजर गेली समोरच्या देवळाच्या शिखराकडं. आणि गांगवेईत जो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, त्यानं हो म्हटलेलं असतं.

"बोलू नकोस," मावशी हात जोडून म्हणाली. "बोललं की नवसाचं बळ जातं. मी समजले."

सोमवारी सूल्वान सकाळी चौकीवर आली तेव्हा निळी खुर्ची नव्हती. डिंग मुकादम दारात उभे, तोंड टोफूसारखं पांढरं.

"ताई, तुम्ही सांगायचं नाही का! मी देवीच्या नवसाच्या बाईला आठवडाभर बळंबळं बसवत होतो! तेही थरथरत्या खुर्चीवर! काल रात्री बायकोनं मला जेवायला वाढलं नाही."

"मुकादम, तसं काही..."

"बोलू नका, बोलू नका! बळ जातं!"

मुकादम माणूस चांगले, पण नियमाचे. देवी एकीकडं, नियम दुसरीकडं. बसत नाही तर गाडीवर चढवायचं कसं, आणि देवीनंच उभं ठेवलंय तर घरी पाठवायचं कसं? त्यांनी गांगवेईत सगळे अडलेले मुकादम करतात तेच केलं. आईला कौल लावायला निघाले. मागून लियाओ दादा, फांग, अख्खी चौकी. टपरी उघडी टाकून चू मावशी. सूल्वानलाही नेलं, कारण तिच्याशिवाय शोभा नव्हती.

देवळात धुपाचा धूर. मुकादमांनी चंद्रकोरीसारखे कौलाचे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत घेतले. एक सपाट, एक फुगीर पडला तर आई हो म्हणते. दोन्ही फुगीर पडले तर नाही म्हणते. आणि दोन्ही सपाट पडले, तर आई हसते.

"आई," मुकादम म्हणाले, "आमच्या सूल्वान ताई तुझ्या नवसानं उभ्या आहेत, हे खरं ना?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

"हसली!" मावशी ओरडली.

"पुन्हा विचारा," म्हातारा पुजारी म्हणाला. "आई कधी कधी मनातलं हसते."

मुकादमांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं, आईला वयामुळं ऐकू गेलं नसेल अशा हिशेबानं. तुकडे पडले, एक तर टणकन उडून फांगच्या बुटाला लागून परत आला, आणि दोन्ही सपाट.

"बघा, प्रसन्न झालीय आई. खुशीनं हसतेय!" मावशीचे डोळे भरून आले.

सूल्वान मागं उभी होती. तिनं हात जोडले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हणाली, आई, पोटभर हसून घे, पण कुणाला सांगू नकोस.

मुकादमांनी तिसऱ्यांदा तुकडे उचलले. या वेळी प्रश्न सरळ होता. "ताईंना गाडीच्या मागच्या फळीवर परत उभं करू का?"

एक सपाट, एक फुगीर.

देवळात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मुकादमांनी सगळ्यात मोठा, कारण आता नियम आईनं मोडला होता, त्यांनी नाही. फांगनं डोकं खाजवलं. "आईच म्हणतेय तर माझं काय," म्हणाला, आणि खरं तर त्याचा चेहराही हलका झाला. उष्ट्याच्या बादल्यांचा वास त्याला कधीच झेपला नव्हता. त्यानं रद्दी-भंगाराच्या गाडीची नोकरी मागून घेतली. बाटल्या नि पुठ्ठे, वास नाही, आणि सगळं शिस्तीत लावता येतं.

त्या संध्याकाळी सूल्वाननं दांड्यावरचे मोजे काढले, हात जागच्या जागी ठेवला आणि फळीवर पाय दिला. गाडी निघाली, कर्ण्यातून धून सुरू झाली, आणि तिचे खांदे दोन बोटं खाली आले. इतके दिवस ते कानांना टेकले होते हे तिला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, उभ्या राहा, हिंडा-फिरा, जड तेवढं उचलू नका. बादल्या उचलायला गल्लीतले बाप्ये पुढं आले. नवसाच्या बाईला कोण उचलू देतो?

"ताई, परत आलात!"

"किती वाळलात हो."

"वाळलीय कुठं, चांगली दिसतेय. नाक मात्र होतं तसंच आहे की!"

गल्लीच्या टोकाला सूल्वाननं पत्र्यावर दोनदा थाप मारली. लियाओ दादांनी फडकं काढलं आणि आरसा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. शिये आजी एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली, मागं चार मांजरं, अशा मिरवणुकीनं आल्या.

"आलीस?"

"आले आजी."

"मग बरं," आजी म्हणाल्या, आणि साठलेलं सगळं उष्टं ओतून, मांजरांना दोन शिव्या घालून परत वळल्या.

सूल्वानला बरं वाटायला लागायला फार दिवस लागले नाहीत. महिनाअखेरीला गाड्या लागल्या तेव्हा फळीपुढं तिचंच नाव होतं, आणि तोवर ती अगदी खडखडीत बरी झाली होती. आता बसायला काही हरकत नव्हती. हरकत होती ती नवसाची. वसंत यायला अजून किती तरी अवकाश होता, आणि सगळा गाव तिच्या पाठीमागं, म्हणजे अक्षरशः पाठीमागं, डोळा ठेवून होता. भाचीच्या लग्नात बारा पदार्थांची पंगत तिनं उभ्यानं जेवली, आणि लोकांनी आदरानं तिच्यासाठी उंच टेबल आणलं. शेवटच्या थांब्यावरून सगळे गाडीत बसून जात, ती चौकीपर्यंत चालत येई, आणि घरोघरच्या बाया पोरांना दाखवत, "बघ, श्रद्धा बघ!" सिनेमाला जाणं सुटलं. फक्त घरी पोचून कडी लावली, की ती पलंगावर, खुर्चीवर, उंबरठ्यावर, सगळीकडं पाळीपाळीनं बसून घेई.

वसंतात आईची पालखी परत आली. फटाक्यांच्या लडी, ढोल, धुरानं भरलेला रस्ता. आई आपल्या गादीवर बसली, आणि सगळे सूल्वानकडं वळले. डिंग मुकादमांनी ती निळी खुर्ची देवळाच्या पटांगणात आणून ठेवली होती, लाल फडकं घालून. चू मावशीनं हात धरून तिला नेलं. सूल्वान खुर्चीपुढं उभी राहिली, मागं एकदा हात लावून खात्री केली, आणि सावकाश बसली. मुकादमांच्या बायकोनं बटण दाबलं.

"कसं वाटतंय, ताई?"

"अगंबाई," सूल्वान डोळे मिटून म्हणाली. "किती बरं वाटतंय!"

पटांगणातल्या निम्म्या बायका रडल्या. लियाओ दादा मात्र दुसरीकडं बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

नवसबिवस काही नव्हता. सूल्वानला मूळव्याध होती. तिचं ऑपरेशन झालं होतं, आणि जखम भरेपर्यंत तिला बसता येत नव्हतं.